मत प्रभागात, जमीन मंत्रालयात

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. पालिकेची मुदत पाच वर्षांचीच असेल आणि ती संपायच्या आत निवडणूक घ्यावीच लागेल, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. तरीही आधी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, मग प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७, मग न्यायालयातल्या तारखा, असे करत जवळपास चार वर्षे निघून गेली. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. या काळात २०२३-२४ पासूनची सलग तीन अंदाजपत्रके सभागृहाविना मंजूर झाली. त्यातले शेवटचे, २०२५-२६ चे, ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. अतिरिक्त आयुक्तांनी ते आयुक्तांना सादर केले आणि आयुक्तच प्रशासक असल्यामुळे मंजुरीही त्यांचीच. स्थायी समिती नव्हती, सभागृहातली चर्चा नव्हती, विरोधात हात वर करणारेही कुणी नव्हते. आणि शहर चालूच राहिले. नळाला पाणी येत होते, कचऱ्याच्या गाड्या फिरत होत्या, किनारा रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुलाही झाला. त्यामुळे एक प्रश्न टाळता येत नाही: नगरसेवक नसताना नेमके काय हरवले?

या प्रश्नाची दोन उत्तरे मला महत्त्वाची वाटतात. एक नगररचनेत हयात घालवलेल्या अधिकाऱ्याचे, दुसरे प्रभागातून निवडून आलेल्या नगरसेविकेचे. पुढे ती दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. ही माणसे कुणी विशिष्ट व्यक्ती नाहीत, त्या भूमिका आहेत. पालिकेच्या रिवाजाप्रमाणे नगरसेविका अधिकाऱ्यांना साहेब म्हणते, ते तिला ताई. माझा कौल कुणाला, हेही आधीच सांगून टाकतो: मला ताईंची बाजू पटते, पण त्या जे कारण पुढे करतात त्यापेक्षा वेगळ्या कारणाने.

साहेबांचे म्हणणे असे. “ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच बोलतो. शहराचे तुकडे करून शहर चालवता येत नाही. मुंबईचे पाणी येते तानसा, वैतरणा, भातसातून. पावसाचे पाणी वाहून नेणारा नाला एका प्रभागात सुरू होतो आणि तिसऱ्या प्रभागात खाडीला मिळतो. नगरसेवकाची नजर मात्र त्याच्या हद्दीपुरती. लादीकरण, पेव्हर ब्लॉक, कमान, बाकडी, यापलीकडे ती जात नाही. इतिहासही माझ्याच बाजूने आहे. १८६५ च्या कायद्याने पालिकेचा कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटला. त्यांनी कामे धडाक्याने केली, पण खर्च हाताबाहेर गेला आणि करदाते खवळले. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी काय सुचवले? कारभार समितीच्या हाती देऊ नका, तो एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवा. १८८८ च्या ज्या कायद्यावर मुंबई महापालिका आजही उभी आहे, त्यात हीच मांडणी आहे. महापौर परिषदेचा प्रयोग १९९८ मध्ये करून पाहिला, तोही टिकला नाही. लोकशाहीचा एवढा मोठा पुरस्कर्ता जर अंमलबजावणी आणि निवडणूक वेगळी ठेवत होता, तर चार वर्षे सभागृह नव्हते याचा एवढा आकांत कशासाठी?”

“मेहतांचे तुम्ही अर्धेच सांगितलेत, साहेब,” ताई म्हणतात. “काम करणारे हात त्यांनी आयुक्ताला दिले, पण तिजोरी निवडून आलेल्यांच्या ताब्यात ठेवली. आयुक्ताने मागायचे, सभागृहाने विचारायचे, मग द्यायचे किंवा नाकारायचे. २०२२ पासून मागणारा आणि देणारा एकच झाला. म्हणजे क्रॉफर्ड यांच्या काळात ज्याच्यावर लोक भडकले होते तीच व्यवस्था परत आली. आणि लादीकरणाचे म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे एका नगरसेवकामागे सरासरी पंचावन्न हजार माणसे येतात. रात्री गटार तुंबले, संडासाचे दार तुटले, शाळेत बाई नाहीत, की ही माणसे आमच्या दारात येतात, विभाग कार्यालयात नाही. आम्हाला निधी मिळतो तो लादीकरणापुरता, अधिकार मिळतो तो लादीकरणापुरता आणि वर लादीकरणच करता म्हणून आम्हालाच बोल लावता.”

माझ्या मते वादाची खरी सुरुवात ताईंच्या या शेवटच्या वाक्यापासून व्हायला हवी. त्यांनी ते तक्रार म्हणून म्हटले, पण त्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या पालिकेत निवडून आलेले सदस्य आले. तेव्हा सभागृहाचा निम्मा भाग करदात्यांनी निवडायचा होता. भाडेकरू, गिरणीत राबणारा, फूटपाथवर झोपणारा, यांना मत नव्हते. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडले. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्त्रियांना एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. मताचा हक्क असा खालपर्यंत पोचत असतानाच जमिनीविषयीचा निर्णय मात्र पायरीपायरीने वर सरकला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्याला अंतिम मंजुरी देणे राज्य सरकारकडे ठेवले. त्याच कायद्याच्या कलम ३७ ने आराखड्यात बदल करण्याची वाट दिली, कलम ४० ने विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची, कलम १५४ ने निर्देश देण्याची. १९७५ मध्ये महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण, एमएमआरडीए आले आणि १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुल त्याच्या अखत्यारीत गेले. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी १९९५ मध्ये एसआरए आले. २०१८ मध्ये राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, म्हाडाच्या वसाहतींचे नियोजनही म्हाडाकडेच गेले. आज मुंबईत ज्या जमिनींवर सर्वांत जास्त पैसा फिरतो, त्यांतल्या बऱ्याचशा जमिनींबद्दल नगरसेवकाला विचारलेही जात नाही. साहेबांना नगरसेवकाची नजर आखूड वाटते. पण कायद्यानेच ती तेवढी ठेवली आहे.

हे किती महागात पडते ते गिरणगावात दिसते. मध्य मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. गिरणी कामगारांच्या मोठ्या संपानंतर त्या बंद पडत गेल्या. तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने असे ठरवले, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर स्थूलमानाने एक तृतीयांश खुल्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला मिळावी. २००१ मध्ये राज्य सरकारने हा नियम बदलला. वाटणीचे सूत्र राहिले, पण ते संपूर्ण जमिनीला लावायचे नाही, फक्त जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या जमिनीला लावायचे असे ठरले. गिरणी आतून पाहिलेल्या कुणालाही याचा परिणाम कळेल. सूतखाते, विणखाते, गोदामे, बॉयलर, चिमणी, सगळे एकमेकांना खेटून. मोकळी असायची ती दारापासची आणि शेडांच्या मधली थोडकी जागा. त्यामुळे वाटणीला आलेला तुकडा छोटा झाला आणि त्याचा तिसरा हिस्सा त्याहून छोटा. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला आणि बदललेला नियम कायम राहिला. परळ, लालबाग, वरळीत मैदान किती असेल, गिरणी कामगाराच्या मुलाला तिथे घर मिळेल की त्याने पनवेलला जायचे, हे ठरवणारा बदल होता तो. त्या भागातल्या कुठल्याही पालिका निवडणुकीत झालेल्या मतदानापेक्षा त्याचे वजन जास्त होते. आणि तो ज्या मंत्रालयात झाला, तिथल्या निर्णयकर्त्याला लालबागच्या मतदाराने पालिकेच्या मतपत्रिकेवर कधीच निवडलेले नव्हते.

साहेब इथे गप्प बसणार नाहीत, आणि त्यांनी बसूही नये. “ताई, गिरण्यांच्या जमिनी वर्षानुवर्षे अडकून पडल्या होत्या. वाटणी कठोर असल्यामुळे मालक पुढे येत नव्हते, कामगारांची देणी थकली होती. सरकारला काहीतरी हलवायचे होते. आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला, हे विसरू नका. दुसरे, निर्णय सभागृहात झाला असता तर चांगला झाला असता, हे कशावरून? बिल्डरला मंत्रालयाच्या पायऱ्या चढता येतात, तसे नगरसेवकाचे घरही सापडते. तिथे तर भाव कमी असतो.”

या आक्षेपातले तथ्य मान्य करायला हवे. नगरसेवक अधिक सचोटीचे असतात असा कसलाही पुरावा नाही, आणि माझा मुद्दा त्यावर अवलंबूनही नाही. न्यायालयाने पाहिले ते सरकारला तो अधिकार होता का. तो कुणाकडे असावा, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. फरक पडतो तो निर्णय कुठल्या वाटेने जातो त्याने. विकास आराखडा २०३४ चेच पाहू. पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. तो लोकांच्या हातात पडला तेव्हा उभ्या इमारतींवरून आखलेले रस्ते सापडले, वारसा वास्तूंच्या नोंदी गाळलेल्या सापडल्या. गल्लीबोळातल्या माणसांनी, कोळीवाड्यांनी, गावठाणांनी, सोसायट्यांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घ्यायला लावावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, २०१७ मध्ये सभागृहात गेला आणि राज्याच्या मंजुरीनंतर सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. वेळ लागला, हे खरे. पण चुका पकडल्या त्या नकाशावर आपले घर शोधणाऱ्या माणसाने, सल्लागाराच्या संगणकाने नव्हे. नियम ५८ च्या दुरुस्तीला अशी मोठी सार्वजनिक छाननी मिळाली नाही. भ्रष्टाचार दोन्ही वाटांवर होऊ शकतो. एका वाटेवर तो करणाऱ्याला पाच वर्षांनी त्याच गल्लीत मते मागायला यावे लागते.

मग साहेब आपला सर्वांत जड मुद्दा काढतात, आणि तो महाराष्ट्राच्याच इतिहासातला आहे. “स्थानिक बहुमतावर एवढा भरवसा? महाड आठवा. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! न्याय मिळाला तो १९३७ मध्ये, उच्च न्यायालयात. म्हणजे हक्क दिला वरच्या सभागृहाने, तो राखला वरच्या न्यायालयाने, आणि हिरावला तो गावातल्या निवडून आलेल्यांनी. संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला नव्हे, व्यक्तीला राज्यघटनेचे एकक मानले ते उगाच नाही.”

ताईंचे उत्तर मला पुरेसे वाटते, म्हणून ते जसेच्या तसे देतो. “साहेब, ठराव मागे घेणाऱ्या नगरपालिकेला निवडून कुणी दिले होते? ज्यांना तळ्यावर येऊ द्यायचे नव्हते, त्यांच्यापैकी कितीजणांचे नाव मतदार यादीत होते? कर भरणाऱ्यांच्या त्या लोकशाहीला तुम्ही स्थानिक लोकशाही म्हणता, मी तिला मूठभरांचा कारभार म्हणते. आणि वरच्या ठरावाने तळे खुले झालेही नाही. १९२३ ते १९२७ तो कागदावरच होता. हजारो माणसे चालत तळ्यावर गेली तेव्हा तो जमिनीवर आला. तुम्ही सांगता त्यातून एवढेच निघते की काही हक्क स्थानिक बहुमताच्या हाती नसावेत. ते मला मान्य आहे. पण म्हणून स्थानिक बहुमताच्या हाती काहीच नसावे, हे त्यातून निघत नाही.”

ताईंच्या या उत्तरात मला आजची एक गोष्ट जोडावीशी वाटते. मुंबईत चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. त्यांचे नाव मतदार यादीत असते. पण नळजोडणीसाठी त्यांना अनेक वर्षे घर कधीचे याचा पुरावा मागितला जात होता, आधी १ जानेवारी १९९५ पूर्वीचा आणि पुढे २००० पूर्वीचा. त्यानंतर आलेल्या झोपडीला मत होते, पाणी नव्हते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाण्याचा हक्क झोपडी अधिकृत आहे की नाही यावर अवलंबून ठेवता येणार नाही. साहेब इथे आठवण करून देतील, की सर्वांसाठी पाणी हे धोरण २०२२ च्या मे महिन्यात, सभागृह नसतानाच जाहीर झाले. ते बरोबर आहे. पण ती कालमर्यादा मुळात घातली होती राज्याच्या धोरणाने, आणि तिचे मूळ जमिनीत होते: ही जागा कुणाची, तिच्यावर कुणाला राहू द्यायचे, पुनर्वसनात कोण पात्र. नागरिकत्व जिथे जमिनीच्या तारखेला टांगले जाते, तिथे मतपेटी निम्मेच काम करते. नगरसेवक नसताना काय हरवले, या प्रश्नाचे माझे उत्तर इथे आहे. हरवले ते थोडे, कारण सभागृहाच्या हाती आधीच थोडे उरले होते. प्रशासकाच्या चार वर्षांनी जुनेच दुखणे उघडे केले.

आता माझ्याच बाजूची अडचण. जमिनीचे निर्णय खाली आणले तर “खाली” म्हणजे कोण? मुंबईत १९९० च्या दशकापासून एएलएम, म्हणजे रहिवाशांच्या स्थानिक समित्या, उभ्या राहिल्या. काहींनी कचरा वेगळा करण्याचे, झाडे वाचवण्याचे उत्तम काम केले. पण त्या मुख्यतः इमारतीत राहणाऱ्यांच्या आहेत, आणि फेरीवाला हटवा ही त्यांतल्या अनेकांची जुनी मागणी. त्याच रस्त्यावर वीस वर्षे भाजी विकणारी बाई त्या समितीची सदस्य नसते. अशा समितीला रस्त्याचा निर्णय देणे म्हणजे १८७२ च्या करदात्यांचे सभागृह गल्लीत परत आणणे. म्हणून मला २०१४ चा पथविक्रेता कायदा महत्त्वाचा वाटतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच आपल्यातून निवडलेले असावेत, असे तो सांगतो. अंमलबजावणी रडतखडत झाली, ही वेगळी व्यथा. तत्त्व मात्र बरोबर आहे: जागेबद्दल बोलण्याचा हक्क त्या जागेच्या मालकाएवढाच ती वापरणाऱ्यालाही हवा.

“आणि देवनार?” साहेब विचारतात. “कचराभूमी कुठला प्रभाग मागून घेईल? प्रत्येकाला नाही म्हणण्याचा अधिकार दिलात तर शहराचा कचरा रस्त्यावर.” खरे आहे, पण देवनारला कचरा १९२७ पासून जातो आहे. तो तिथेच राहिला, कारण आसपास राहणाऱ्यांचे ऐकावे लागावे एवढे वजन त्यांना कुठल्याच व्यवस्थेत नव्हते, निवडून आलेल्यांच्या काळात नव्हते आणि नेमलेल्यांच्या काळातही नव्हते. शहराला ओझी उचलावीच लागतात, आणि ती कुणी उचलायची हे एका प्रभागाने नव्हे, सगळ्या प्रदेशाने ठरवायला हवे. त्यासाठी घटनेत जागा आहे. कलम २४३-झेडई प्रमाणे महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून आणि पंचायतींच्या अध्यक्षांमधून निवडले जायला हवेत. ठाणे, वसई, कल्याण, पनवेल यांच्यासकट बोलणारे असे सभागृह हवे असताना आपण त्या प्रदेशाचा कारभार एमएमआरडीएवर सोडला. साहेबांना हवा असलेला मोठा आवाका आणि ताईंना हवी असलेली निवडणूक एकत्र येऊ शकतात. तशी तरतूद करूनही ती वापरली जात नाही, याबद्दल मात्र दोघांनीही आवाज उठवायला हवा.

नव्या सभागृहापुढे, कायदा न बदलता करण्यासारखे एक काम आहे. २००९ च्या सुधारणेने महापालिका कायद्यांत क्षेत्रसभा आली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातला प्रत्येक मतदार त्या सभेचा सदस्य. इमारतीतला असो, चाळीतला असो, झोपडीतला असो. ती सभा बहुतेक शहरांत कागदावर राहिली. ताईंची मागणी आहे की कलम ३७ खाली जमिनीचा वापर बदलायची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात आली, की हरकतींच्या मुदतीतच ती त्या क्षेत्रसभेपुढे वाचली जावी. संध्याकाळी, वस्तीजवळच्या पालिका शाळेत, नकाशा भिंतीवर लावून. साहेबांना भीती वाटते की अशा सभेला मोकळा वेळ असलेलेच येतील आणि प्रत्येक प्रकल्प अडेल. सभा घ्यायला ते तयार आहेत, पण सभेला नकाराधिकार देणार नाहीत. ताई नकाराधिकार मागतही नाहीत. सभेचे म्हणणे डावलले तर डावलण्याचे कारण लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर यावे आणि त्यावर नावानिशी मतदान व्हावे, एवढाच त्यांचा आग्रह आहे. साहेब म्हणतात, राज्य सरकारने स्वतः केलेल्या बदलावर सभागृहात मतदान घेऊन उपयोग काय, ते सरकारला बंधनकारक नाहीच. ताई म्हणतात, बंधनकारक नसू दे. नियम ५८ बदलला त्या वेळी लालबागच्या नगरसेवकाने हात वर केला होता की नाही, हे तिथल्या मतदाराला पुढच्या निवडणुकीत ठाऊक असते, तर प्रचाराला लादीकरण पुरले नसते.